गाडी सुरू होते, पण पळत नाही: जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाचं दुखणं कसं ओळखायचं

“ई-२०नं गाडीची वाट लावली.” ई-२० म्हणजे इथेनॉल मिसळलेलं नवं पेट्रोल, आणि २०२५च्या पावसाळ्यापासून हे वाक्य मी नागपुरात पेट्रोल पंपाच्या रांगेत, चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सारखं ऐकतोय. बोलणाऱ्याकडे बहुतेक वेळा जुनी गाडी असते. वडिलांची चेतक, काकांची यामाहा आरएक्स १००, नाहीतर सासऱ्यांकडून आलेली एखादी एलएमएल स्कूटर. मी विचारतो, “नेमकं होतं काय?” उत्तर येतं, “पळत नाही.” अजून खोदून विचारलं तर, “पिकअप गेलं.” त्यापुढे कोणी जात नाही. गाडी गॅरेजमध्ये टाकतानाही तक्रार एवढीच सांगितली जाते, आणि मग त्या दोन शब्दांच्या भरवशावर कधी कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) बदलला जातो, कधी थेट बोअर मारला जातो, म्हणजे झिजलेलं सिलिंडर आतून कापून मोठं केलं जातं.

जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाचं दुखणं ओळखायला मोठी हत्यारं लागत नाहीत. ठिणगी देणाऱ्या प्लगचा पाना, खात्रीचा एक चांगला प्लग, एक पारदर्शक बाटली आणि एक वही एवढ्यावर अर्ध्याहून जास्त तपासणी होते. अट एकच आहे. बिघाड समोर असताना तपासायचं. गाडी थंड होऊन शहाण्यासारखी उभी असताना नाही. मी इथे स्कूटर आणि मोटरसायकलीबद्दल लिहितोय, पण कपाशीवर फवारणी करायचा पेट्रोलचा पंप असो की गुलमर्गच्या बर्फावर पर्यटकांना फिरवणारी जुनी स्नो-स्कूटर, इंजिन टू-स्ट्रोक असेल तर विचार करण्याची रीत हीच.

## पिस्टनच्या खाली काय चालतं

आजच्या बहुतेक दुचाकी फोर-स्ट्रोक आहेत. त्यांत पिस्टन, म्हणजे सिलिंडरच्या आत सरकणारा दट्ट्या, दोनदा वर-खाली झाला की एकदा पेट्रोल जळतं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या प्रत्येक वर-खाली फेरीला एकदा जळतं. म्हणूनच १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली आरएक्स १०० अवघ्या ९८ सीसीत ११ हॉर्सपॉवर काढायची आणि तिचं नाव अजून निघतं.

हे जमवण्यासाठी पिस्टनच्या दोन्ही बाजू कामाला लावलेल्या असतात. पिस्टन वर जातो तेव्हा वर हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं आणि त्याच वेळी खालच्या बंद खोलीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, कार्बोरेटरकडून नवं मिश्रण ओढलं जातं. पिस्टन खाली आला की ते खालचं मिश्रण सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांमधून वर चढतं आणि जळून गेलेल्याला बाहेर लोटतं. म्हणजे क्रँककेस हा सायकलच्या हातपंपासारखा एक पंप आहे. हातपंपाचा वायसर फाटला की घाम गाळूनही चाकात हवा भरत नाही. इथेही तसंच.

यातून तीन गोष्टी निघतात आणि पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. पहिली, क्रँककेस हवाबंद असायलाच हवी. दुसरी, तिथून मिश्रण जात असल्यामुळे फोर-स्ट्रोकसारखं ऑइल साठवून ठेवता येत नाही. ते पेट्रोलबरोबर पाठवावं लागतं, जळतं आणि काजळी मागे ठेवतं. तिसरी, धूर बाहेर काढायला वेगळा व्हॉल्व्ह नसतो, त्यामुळे सायलेन्सर म्हणजे नुसती आवाज दाबणारी नळी नाही, तो इंजिनाच्या श्वासाचा भाग आहे.

आपल्याकडच्या डेझर्ट कूलरशी ताडून पाहा. कूलर गार हवा देत नसेल तर आपण मोटर फेकून देत नाही. टाकीत पाणी आहे का, पंप चालतो का, वरच्या नळीची भोकं बोअरच्या खाऱ्या पाण्याच्या क्षारानं बुजलीत का, गवताचे पॅड बसलेत का, पंखा हळू फिरत असेल तर कंडेन्सर गेलाय का, हे नागपुरातलं दहावीतलं पोरगंही ओळीनं बघतं. इंजिनाचं तसंच आहे. योग्य मिश्रण, पुरेसा दाब, वेळेवर ठिणगी, धूर जायला मोकळी वाट आणि थंडावा. पळत नसलेल्या गाडीत या पाचांपैकी काहीतरी कमी पडतंय. कोणतं, ते शोधायचं.

## इंजिनावर आळ घेण्याआधी

गाडी मधल्या स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हातानं फिरवा. घासून थांबत असेल तर ब्रेकचे शू चिकटलेत. पुढचंही बघा. टायरमध्ये हवा कमी असली तरी गाडी ओढल्यासारखी वाटते. मग रस्त्यावर रेस द्या. इंजिनाचा आवाज चढतोय पण वेग चढत नाही, असं असेल तर इंजिन ठणठणीत आहे, क्लच घसरतोय. रेस दिली आणि आवाजच चढला नाही, तरच पुढे वाचा.

हे पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता कार्बोरेटर खोललेला मी अनेकदा पाहिलाय.

## कधी बिघडते, हे आधी लिहून काढा

“मिसिंग करते” हे पुरेसं नाही. किती रेसवर? कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारी बारीक भोकं असतात, त्यांना जेट म्हणतात. इंजिन नुसतं चालू असताना आणि थोड्या रेसवर लहान, पायलट जेट काम करतं. मधल्या रेसवर आरएक्ससारख्या गाड्यांत वरखाली होणारी सुई ठरवते. पूर्ण रेसवर मोठं, मेन जेट. त्यामुळे सिग्नलला उभी असताना बंद पडते पण मोकळ्या वर्धा रोडवर छान पळते, अशी गाडी पायलट जेटमध्ये कचरा असल्याचं सांगत असते. उलट शहरात ठीक आणि मोकळ्या रस्त्यावर ४५च्या पुढे जात नाही, तर मेन जेट, पेट्रोलचा पुरवठा किंवा सायलेन्सर.

पुरवठा तपासायला टाकीखालच्या कॉकपासून कार्बोरेटरकडे जाणारा पाइप काढून बाटलीत धरा. धार सलग आणि जोमदार हवी. थेंब-थेंब येत असेल तर कॉकची जाळी गच्च झालीय. आता टाकीचं झाकण उघडून पुन्हा पाहा. झाकण उघडताच धार वाढली तर झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलंय. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून यायला हवी; ती आली नाही की तीन-चार किलोमीटरवर गाडी बंद. बरेच महिने अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीत कुंभारमाशी कुठल्याही भोकात मातीचं घर बांधते. सायलेन्सरच्या तोंडातसुद्धा. हे सगळं मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना करा. जवळ विडी-सिगरेट नको.

## प्लग काय सांगतो

प्लग काढून टोकाजवळचं पांढरं चिनीमातीचं नाक बघा. रंग कॉफीसारखा तपकिरी असेल तर जळण नीट आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. बहुतेकदा एअर फिल्टर धुळीनं बसलेला असतो. ओला, तेलकट काळा म्हणजे ऑइल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढराफटक, कडेला बारीक फोडांसारखे दाणे असलेला प्लग दिसला तर गाडी लगेच थांबवा. हवेच्या मानानं पेट्रोल कमी जळतंय आणि पिस्टन तापतोय.

मात्र हा रंग कधीचा आहे, हे महत्त्वाचं. घरी येऊन, दोन मिनिटं गाडी चालू ठेवून, मग प्लग काढला तर तो त्या दोन मिनिटांचा हिशोब दाखवतो. खरा रंग हवा असेल तर मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर काही वेळ भरपूर रेसवर चालवा, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा, गाडी बाजूला घ्या आणि जाड कापड धरून प्लग काढा. आजच्या पेट्रोलवर रंग पूर्वीपेक्षा फिका दिसतो, म्हणून नाकाच्या टोकाऐवजी खोलवर, बुडाशी बघायचं.

## “गरम झाली का बंद पडते ना भाऊ”

नागपूरच्या उन्हाळ्यातली ही सर्वांत मोठी तक्रार. यावर जरा थांबतो, कारण यात मी स्वतः पोळलोय.

माझ्याकडे वडिलांची १९९४ची स्कूटर आहे. तीन वर्षांपूर्वी एप्रिलपासून ती सात-आठ किलोमीटरवर बंद पडायला लागली. पंधरा मिनिटं सावलीत उभी केली की पहिल्या किकला सुरू. एका गॅरेजवाल्यानं कार्बोरेटरची किट बदलली. आठवडाभरात पुन्हा तेच. दुसऱ्यानं किक मारून पाहिली आणि म्हणाला, “बोअर गेलं हिचं, पिस्टन टाका लागते.” मी हो म्हटलं. बोअर मारून, नवा पिस्टन टाकून गाडी आली आणि वर्धा रोडवर पुन्हा बंद पडली. वडील त्या दिवशी मागे बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांची ती गाडी त्या क्षणी त्यांना परकी वाटली असावी, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

दोन्ही गॅरेजमध्ये एक गोष्ट सारखी होती. गाडी तपासली सकाळी, थंड असताना. बिघाड दुपारी, गरम असताना व्हायचा. ज्या क्षणी दुखतं त्या क्षणी कुणी नाडी धरलीच नव्हती.

गरम होऊन बंद पडण्याची निदान चार वेगवेगळी कारणं आहेत आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून ती वेगळी करता येतात. गाडी बंद पडली की पहिल्या मिनिटात हे करायचं.

आधी किक दाबून पाहा. एकदम जड लागतेय, अडकतेय? तर पिस्टन तापून फुगलाय आणि सिलिंडरला धरतोय. यालाच सीझ होणं म्हणतात. जोर लावू नका, थंड होऊ द्या.

किक मोकळी असेल तर टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ असा आवाज आला आणि मग गाडी सुरू झाली तर छिद्राचा मामला.

तेही नसेल तर प्लग काढून टोपीत बसवा, त्याची धातूची बाजू इंजिनाच्या धातूला टेकवा आणि सावलीत किक मारून ठिणगी बघा. प्लगच्या मोकळ्या भोकातून पेट्रोलची वाफ निघते, म्हणून प्लग त्यापासून लांब धरायचा, टोपी कापडानं धरायची. ठिणगी नाही, किंवा पिवळसर आणि मरगळलेली आहे? खात्रीचा प्लग लावून पुन्हा बघा. तरीही नाही, तर ठिणगीसाठी वीज पुरवणारे भाग, म्हणजे कॉइल, कंडेन्सर किंवा सीडीआय, यांपैकी काहीतरी बिघडलंय. तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे म्हणजे कॉइल. आत कुठेतरी तुटत आलेली तार थंड असताना टेकलेली राहते आणि तापून पसरली की सुटते. थंड झाली की परत जुळते. थंड गाडीवर मीटर लावलं तर कॉइल निर्दोष दिसते.

ठिणगी निळी, कडक असेल आणि प्लग कोरडा असेल तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल पोहोचत नाही. इंजिनाच्या उष्णतेनं पाइपमध्ये किंवा कार्बोरेटरमध्येच पेट्रोलची वाफ झालेली असू शकते. पाइप सिलिंडरला चिकटून गेलाय का, ते बघा.

मी हे शेवटी अजनी चौकाच्या अलीकडे, एका कडुनिंबाखाली केलं. नवा प्लग लावूनही ठिणगी नव्हती. कॉइल बदलली आणि बिघाड गेला. बोअर मारायची गरजच नव्हती. कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. मी त्यांना ‘गरम झाल्यावर बंद पडते’ एवढंच सांगितलं. बंद पडल्यावर ठिणगी असते की नसते, हे सांगितलं असतं तर ते मेकॅनिकही तिथेच पोहोचले असते.

जाता जाता थंडाव्याबद्दल. मोटरसायकलीचं सिलिंडर समोरच्या वाऱ्यानं थंड होतं. चेतकसारख्या स्कूटरचं झाकलेलं असतं. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटवरचा पंखा हवा ढकलतो आणि सिलिंडरभोवतीचं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं आवरण ती हवा सिलिंडरच्या फिन्सवरून (धातूच्या पातळ पट्ट्यांवरून) नेतं. दुरुस्तीनंतर हे आवरण कोपऱ्यात पडून राहतं, “उघडंच राहू द्या, हवा लागते” असं म्हणून. हे साफ चूक आहे. आवरण नसेल तर पंख्याची हवा वाट फुटेल तिकडे जाते आणि सिलिंडर भाजतं. मे महिन्यात तर हे परवडणारच नाही.

## चोरून आत येणारी हवा

पिस्टनच्या हालचालीनं फिरणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, दोन्ही टोकांना रबराची ऑइल सील असतात. वीस-तीस वर्षांत रबर कडक होतं. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा क्रँककेसमध्ये शिरते. पेट्रोल तेवढंच, हवा जास्त. गाडी रेस सोडल्यावरही चढ्या आवाजात राहते, आवाज आपोआप वरखाली होतो आणि पुरेसं तापल्यावर सीझ होते. लोक मग पिस्टन बदलतात, सील तसंच ठेवतात आणि नवा पिस्टनही महिनाभरात धरतो. गिअरच्या बाजूचं सील गेलं तर उलटं होतं. इंजिन गिअरचं ऑइल ओढून जाळतं. पांढऱ्या धुराचा लोट न थांबता निघतो, प्लग तेलकट राहतो आणि गिअर ऑइलची पातळी कुठेही गळती नसताना उतरते.

बाहेर काही दिसत नाही, मग खात्री कशी करायची? पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधतो, तसंच. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडं रबरानं बंद करायची, आत हातपंपानं सुमारे ६ पीएसआय एवढाच हलका दाब भरायचा आणि काटा बघत राहायचं. काटा सरसर उतरला तर कुठेतरी गळतंय. सिलिंडरच्या पॅकिंगवर, कार्बोरेटरच्या जोडावर, सीलवर साबणाचं पाणी सोडा. फेस येईल तिथे भोक. जास्त दाब भरू नका, चांगली सीलही उखडतील. हे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्या, पण करा म्हणून सांगा. जुनी टू-स्ट्रोक सीझ झाल्यावर ही तपासणी न करता इंजिन पुन्हा बांधणं मला मान्य नाही.

## धुराची वाट बुजली तर

गाडी छान सुरू होते, थोड्या रेसवर गुणगुणते, पण चढाला दम तोडते आणि नेहमीपेक्षा जास्त तापते. कार्बोरेटर साफ, प्लग ठीक. अशा वेळी सायलेन्सर बघा. जळलेल्या ऑइलची काजळी आत थरावर थर बसते. श्वास आत घेता येतो पण सोडता येत नाही, अशी इंजिनाची अवस्था होते.

चालू इंजिनाच्या सायलेन्सरच्या तोंडापासून थोडं दूर हात धरला तर ठोक्याठोक्यानं हवा लागायला हवी. खात्री करायची सोपी रीत म्हणजे त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीचा सायलेन्सर तासभर उसना लावून पाहणं. आरएक्सच्या सायलेन्सरमधली आतली नळी, म्हणजे बफल, बाहेर काढून घासता येते. स्कूटरचे सायलेन्सर पूर्वी सर्रास भट्टीत जाळून घेत, आजही काही जुने वेल्डर करून देतात. आतली काजळी पेट घेते, धूर भयंकर होतो, त्यामुळे हे घराच्या अंगणात करू नका. सिलिंडरची धूर सोडणारी खिडकीही त्याच वेळी लाकडी काडीनं खरवडून घ्यावी. लोखंडी स्क्रूड्रायव्हरनं सिलिंडरच्या कडेला ओरखडे पडतात.

## मग ई-२० निर्दोष आहे का?

नाही, पण त्याच्या डोक्यावर मारली जाणारी सगळी पापं त्याची नाहीत.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल म्हणजे ई-२०. देशात सरासरी १० टक्क्यांचं मिश्रण जून २०२२मध्ये गाठलं गेलं, ई-२०ची विक्री फेब्रुवारी २०२३मध्ये सुरू झाली आणि २०२५मध्ये ते बहुतेक सगळीकडे आलं. आपल्याच शहराचे खासदार नितीन गडकरी इथेनॉलचे जुने पुरस्कर्ते, त्यामुळे नागपुरात यावर जरा जास्तच वाद होतो. साधं पेट्रोल हवं, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. म्हणजे जुन्या गाडीला याच पेट्रोलवर जगायचंय, हे धरून चालू.

इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९. नव्या गाडीचा संगणक हा फरक ओळखून जास्त इंधन सोडतो. जेटचं भोक मात्र तेवढंच राहतं. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या हिशोबानं बसवलेल्या कार्बोरेटरमध्ये मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. पण आपण शुद्ध पेट्रोलवरून एकदम ई-२०वर आलेलो नाही; ई-१० आधीपासून टाकत होतो. त्यामुळे ताजा फरक याच्या निम्माच.

आता नागपूरचं ऊन यात घाला. ४५ अंशांची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा साधारण ११ टक्के विरळ असते. कार्बोरेटरमध्ये हवा विरळ झाली की पेट्रोलही थोडं कमी ओढलं जातं, पण तेवढं कमी नाही, त्यामुळे मिश्रण पाच-सहा टक्के दाट होतं. म्हणजे मे महिन्यात ऊन ई-२०ची बरीचशी भरपाई करतं, आणि डिसेंबरच्या गारठ्यात दोन्ही गोष्टी एकाच दिशेला ओढतात. ई-२०मुळे होणारी ओढाताण, रेस देताना अडखळणं, पांढरा प्लग हे थंडीच्या पहाटे जास्त दिसायला हवं. तुमची गाडी भर दुपारीच बंद पडत असेल तर आधी कॉइल, सील आणि थंडावा तपासा. पहाटे अडखळत असेल तर ई-२०वर संशय रास्त. अशा वेळी सुईची क्लिप एक खाच खाली करून सुई वर घेणं किंवा मेन जेट एक नंबर मोठं लावणं, आणि प्लगचा रंग पुन्हा बघणं, एवढा उपाय पुरतो.

इथेनॉलचे खरे त्रास दुसरीकडे आहेत. ते जुन्या रबराला फुगवतं किंवा कडक करतं, म्हणून जुना पाइप, कॉकचे वायसर आणि कार्बोरेटरमधली रबरं ई-२० चालेल अशी घ्यावीत. ते पाणी शोषतं. पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी गंज धरतो. म्हणून उभी करताना कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपू द्यावं. आणि ते टाकीत वर्षानुवर्षं साचलेला चिकट थर सोडवतं, जो थेट जेटमध्ये जाऊन बसतो. “ई-२० टाकलं आणि आठवड्यात गाडी बसली” यामागे बहुतेक वेळा हा सुटलेला कचरा असतो. जेट साफ केलं, कॉकच्या खाली एक छोटा फिल्टर लावला की तो प्रश्न मिटतो.

अ‍ॅव्हरेज कमी होणारच. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही दुचाकींसाठी तीन-चार टक्के घट धरली होती. पण चाळीसचं अ‍ॅव्हरेज अठ्ठावीसवर आलं असेल तर ते ई-२०चं काम नाही. दुसरं काहीतरी बिघडलंय.

## “ऑइल जरा जास्त टाकलं तर इंजिनाला बरंच ना?”

हा प्रेमापोटी केलेला घात आहे. बहुतेक जुन्या स्कूटरना एका लिटरला २० मिली टू-टी ऑइल पुरतं. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर ते पाळा. पन्नास मिली टाकलं तर काजळी वाढते, प्लग ओला होतो, सायलेन्सर बुजतो. शिवाय त्याच जेटमधून ऑइल जास्त गेलं की पेट्रोल तेवढं कमी जातं, म्हणजे मिश्रण पातळच होतं. ज्या गाड्यांत ऑइलचा वेगळा पंप आहे, त्यात पंपाची केबल ढिली झालीय का आणि पाइपमध्ये हवेचा बुडबुडा आहे का, हे महिन्यातून एकदा बघा.

## बोअर खरंच गेलंय का, हे शेवटी

दाब मोजायचा गेज प्लगच्या जागी बसतो. इंजिन थोडं गरम, रेस पूर्ण उघडी, आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक. बहुतेक लहान टू-स्ट्रोक इंजिनांत १०० ते १३० पीएसआय समाधानकारक. ९०च्या खाली काळजी. रेस बंद ठेवून मोजलं तर हवा आतच जात नाही आणि चांगलं इंजिनही मेलेलं दिसतं. गेज स्वतःही चुकतो, म्हणून तोच गेज त्याच मॉडेलच्या धडधाकट गाडीवर लावून बघा. २०२४च्या मेअखेर नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं होतं, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्यानं सेन्सरच बिघडल्याचं सांगितलं. त्याच दिवशी शहरातली बाकीची केंद्रं बरंच कमी दाखवत होती. एका काट्यावर पिस्टन बदलू नका.

आकडा खरंच कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. दाब चांगलाच वाढला तर पिस्टनवरच्या रिंग आणि सिलिंडर झिजलंय. वाढला नाही तर आधी हेडचं, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग बघा. सायलेन्सर काढून धुराच्या खिडकीतून टॉर्च मारली तर पिस्टनची बाजू दिसते. उभे खोल ओरखडे असतील तर शंका उरत नाही. मग लेथवाल्याकडे जा, ०.२५ मिलिमीटर मोठा (ओव्हरसाइज) पिस्टन आधी हातात घ्या आणि त्या पिस्टनच्या मापानं बोअर मारून घ्या. आधी बोअर आणि मग पिस्टन शोधायचा, हा क्रम उलटा आहे. सील त्याच वेळी बदला. पहिले पाचशे किलोमीटर एकसारखी पूर्ण रेस देऊ नका, आणि शक्य असेल तर हे काम मे महिन्यात काढू नका.

वहीत तारीख, किलोमीटर, त्या वेळचं ऊन आणि केलेला एकच बदल लिहा. एका दिवशी प्लग, जेट आणि ठिणगीचं टायमिंग तिन्ही बदललं आणि गाडी सुधारली, तर कशानं सुधारली हे कळत नाही आणि बिघाड परत आला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. माझ्या वहीत कॉइल बदलल्याच्या दिवसाखाली वडिलांनी त्यांच्या अक्षरात लिहिलंय: बुटीबोरीपर्यंत आणि परत, एकदाही बंद पडली नाही, ४४ अंश.